सिलिंडर बडवणारं यंत्र

७ ऑगस्ट, सोमवार

आज दिवा लुकलुकला!

ऑकलंडच्या कोंबडीच्या कारखान्यानं मला नारळ दिला, जणू आमच्या सामोआत नारळांचा तुटवडाच होता. त्यानंतर आज पहिल्यांदा मी काहीतरी पूर्ण केलं. येताना तिथून एक बोर्ड आणला होता, पत्त्याच्या पानाएवढा. मोबाइलवर व्हिडिओ बघायचे, त्यातला प्रोग्राम बोर्डात भरायचा, की तो सांगितलेलं करतो. मी सांगितलं, दिवा लाव, विझव, लाव, विझव. त्यानं केलं. मी इतका ओरडलो की मला शॉक बसला असं वाटून आई चुलीपासून धावत आली.

तिनं दिव्याकडे पाहिलं. "यासाठी टॅरोच्या कंदांच्या वाफ्यात गुडघाभर तण माजू दिलंस?"

"आई, हा माझं ऐकतो."

"चला. घरात कुणीतरी तुझं ऐकणारं मिळालं."

आपेलूमामा खांबाला टेकून कोको पीत होता. हा आईचा थोरला भाऊ, बिनलग्नाचा, आणि गावाचा घंटावाला. घंटा म्हणजे नीरफणसाच्या झाडाला टांगलेला ऑक्सिजनचा रिकामा सिलिंडर. संध्याकाळी साडेसहाला मामा तो हातोडीनं बडवतो. पहिल्या घंटेला सगळ्यांनी घरात जायचं, दुसरीला प्रार्थना सुरू, तिसरीला प्रार्थना संपली. त्या वेळात जो रस्त्यावर सापडेल त्याला गावसभा दंड करते. छोटा गुन्हा असेल तर माशांच्या डब्यांचं खोकं, मोठा असेल तर डुक्कर. मी शाळेत जायच्या आधीपासून मामा हे करतोय.

मामानं दिव्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "हे नुसतं लुकलुकतं, की कशावर हाणूही शकतं?"

म्हातारा टिंगल करतोय माझी. करू दे.

११ ऑगस्ट, शुक्रवार

अंघोळ करताना मला एक अफाट कल्पना सुचली. गावाची घंटा यंत्रानं वाजवायची! बोर्डाला घड्याळ जोडायचं, वेळ झाली की मोटर हातोडी उचलेल आणि ठण्ण. असं कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही याचंच नवल वाटतंय.

एकच वाईट वाटतं. मामाचं काय? ती घंटा म्हणजे त्याचं सगळं आयुष्य. ना गावसभेत बसायची मताई पदवी, ना बायको, ना पोर. गावात त्याला मान आहे तो त्या सिलिंडरपुरता. तो काढून घेतला तर म्हातारा झुरून मरेल.

रात्री जेवताना भीत भीत विषय काढला. मामा जेवायचा थांबला. मग शांतपणे म्हणाला, "कधीपर्यंत होईल?"

आवाजही निघत नव्हता बिचाऱ्याचा.

१४ ऑगस्ट, सोमवार

मोटर कुठून आणायची हा प्रश्न होता. सकाळी उठलो तर ओट्यावर गाडीची काच पुसणारी मोटर, ग्रीस-बिस लावून. मामानं आपल्या मोडक्या व्हॅनमधून उपटली होती. शेजारी हातोडीसुद्धा, नवीन दांडा बसवलेली.

कापायला नेलेल्या बोकडानं स्वतःच सुरी धार लावून आणून द्यावी, तसं वाटलं मला.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

धूर. मोटरची वायर सरळ बोर्डाला जोडली. बोर्ड एकदा लालबुंद झाला आणि गेला. घरभर जळक्या रबराचा वास. आई म्हणाली, "आज काय शिजवलंस?"

आता व्हिडिओतल्या माणसानं सांगितल्यावर कळलं. बोर्डानं ओझं उचलायचं नसतं. त्यानं मध्ये बसवलेल्या रिलेला नुसती खूण करायची, मोठा प्रवाह रिले सोडतो. आमच्या गावातही हेच चालतं. गावसभेतले मताई बसल्या जागेवरून भुवई उचलतात आणि डुक्कर उचलतात बिनपदवीचे लोक. हे मला आधी का कळलं नाही?

नवा बोर्ड राजधानीत, आपियातल्या दुकानात मिळेल. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात बघू. मामा म्हणाला, "मी उद्याच जातो."

१९ ऑगस्ट, शनिवार

मामा घंटेच्या जेमतेम आधी आपियाहून आला. बोर्ड आणि रिले आणले, बरोबर आणले. पण केसही कापून आला, दाढी गुळगुळीत, आणि अंगात पिकल्या आंब्याच्या रंगाचा नवा शर्ट. बोर्ड आणायला हजामत कशाला?

आईला विचारलं. तिनं तोंडाला फडकं लावलं आणि मागच्या बाजूला निघून गेली. खांदे हलत होते तिचे. भावाचे शेवटचे दिवस बघवत नसणार तिला.

२८ ऑगस्ट, सोमवार

यंत्र तयार! सध्या अंगणात, सिलिंडरऐवजी तव्यावर चाचणी चालू आहे.

काल रविवार. चर्चसाठी पहाटे पाचला वाजायला हवं होतं, ते वाजलं नाही. आज सोमवार, आणि आज पहाटे पाचला तव्यावर असे घण पडले की आईची चप्पल अंधारातसुद्धा अचूक माझ्या कानावर बसली.

दिवसभर डोकं फोडल्यावर सापडलं. प्रोग्राममध्ये देशांची यादी असते, त्यातून आपला निवडायचा. मी दिसला तो पहिला सामोआ निवडला. तो निघाला अमेरिकेचा सामोआ. घड्याळात तीच वेळ, पण वार एक दिवस मागे. समुद्रापलीकडचे आमचे सगळे भाऊबंद अजून काल जगतायत. यादीत खाली जाऊन आपिया निवडलं. आता सगळं ठीक. यापुढे चूक होणं शक्यच नाही.

३१ ऑगस्ट, गुरुवार

मामा खुसपटं काढायला लागलाय. दिवसभर प्रश्न.

"पावसात चालेल?"

"डबा बंद आहे, मामा."

"वीज गेली तर?"

"गाडीच्या बॅटरीवर आहे."

"रविवारी? नाताळात? आणि उद्या तू ऑकलंडला परत गेलास तर?"

"एकदा लावलं की आपलं आपण चालतं."

कुठेतरी खोट निघावी म्हणून जीव तुटतोय त्याचा. मला भरून आलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "मामा, तुझी जागा कुणी घेऊ शकत नाही."

त्याचा चेहरा पडला. "का? काही बिघडलंय का?"

४ सप्टेंबर, सोमवार

गावसभेपुढे यंत्र मांडलं. सगळे मताई खांबांना टेकून बसलेले आणि मधोमध प्रमुख, तुइमालू. ह्या माणसाला हसताना कुणी पाहिलेलं नाही. त्याच्या बायकोनंही नाही असं म्हणतात.

"देवाच्या प्रार्थनेची घंटा," तो म्हणाला, "काच पुसणाऱ्या मोटरनं वाजवायची?"

मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात मागून मामा बोलला. बिनपदवीच्या माणसानं सभेत मध्ये बोलायचं नसतं. "पोरानं चांगलं केलंय. माझी हरकत नाही."

केवढं हे मन!

निकाल असा: ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारपर्यंत, म्हणजे पांढऱ्या रविवारच्या पोरांच्या सणापर्यंत, यंत्राची परीक्षा. तोवर नीट चाललं तर कायम. एकदा जरी चुकलं तर यंत्र भंगारात आणि आपेलू जन्मभर झाडाखाली, पुन्हा हा विषय काढायचा नाही.

घरी येताना मामा माझा दंड धरून चालत होता, आणि घट्ट. "चुकणार नाही ना रे?" घरी पोचेपर्यंत पुन्हा पुन्हा तेच. मनातून त्याला ते चुकायलाच हवंय, मला काय कळत नाही?

६ सप्टेंबर, बुधवार

वाजलं! साडेसहाच्या ठोक्याला हातोडी उचलली गेली आणि ठण्ण, ठण्ण, ठण्ण. मामा बडवायचा त्याहून स्वच्छ आवाज. पोरं नाचली.

मी वळून मामाला शोधलं तर मामा नव्हता. सहाच्या शेवटच्या बसनं गेला म्हणे, पलीकडच्या वाईमुली गावाकडे. त्याला ते ऐकवलं नसतं.

रात्री कुणाच्या तरी पिकअपमधून परत आला. आईनं ताट वाढलं तर दोन घास घेऊन सरकवलं. भूकच नाही म्हणाला. मीही माझं ताट सरकवलं. आईनं मात्र दोघांचं जेवण एकटीनं संपवलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार

रोजचंच झालंय. सहा वाजले की मामा त्या शर्टात बस पकडतो. "कुठे जातोस?" "फिरायला." रात्री येतो आणि जेवत नाही. आश्चर्य म्हणजे वाळत नाहीये, उलट पोट सुटलंय. दुःखानं सूज येते असं ऐकलं होतं.

यंत्रावर मात्र माया जडली त्याची. परवा डब्यात पाल शिरली आणि रिलेच्या दोन टोकांवर आडवी झाली. दुपारी दोनला हातोडी अर्धी उचलली गेली. मामा झाडाखालीच होता, त्यानं हातानं ती हवेतच धरली आणि मला हाक मारली. मी पालीला मूठमाती दिली, जळकं टोक घासून नवा डाग दिला. मामानं डब्याच्या सगळ्या भोकांना मच्छरदाणीचा तुकडा शिवला. डोळे अधू झालेल्या म्हाताऱ्यानं सुईत दोरा ओवून.

ऑकलंडहून चुलतभावाचा फोन. मासळीच्या शीतगृहात जागा आहे, ऑक्टोबरच्या शेवटी ये म्हणतोय. हो म्हणून टाकलं. यंत्र कायम झालं की माझं इथलं काम संपलं.

१८ सप्टेंबर, सोमवार

आज मामाला खूश करायला गेलो. म्हटलं, "मी सभेला सांगणार आहे. यंत्र आपोआप वाजवायचं नाही. एक बटण ठेवायचं, आणि ते रोज तूच दाबायचं. तुझा मान तुझ्याकडे."

मामा पांढराफटक पडला. "कुणाला बोललास का हे?"

"नाही अजून."

"बोलू नकोस. तुला देवाची शपथ आहे, तुझ्या मेलेल्या बापाची शपथ आहे."

किती स्वाभिमानी माणूस! दयेवर मिळालेला मान नको त्याला. मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पेसामिनो, त्या डब्यातल्या सगळ्या तारा दिसतात ना रे तुला?"

"दिसतात की."

"बरं," म्हणाली आणि टॅरो सोलायला लागली.

२४ सप्टेंबर, रविवार

मेलो. संपलो. डुक्कर तर जाणारच, अब्रूही गेली.

संध्याकाळची उपासना लांबली होती. पाद्रीबाबा नरकाचं वर्णन करत होते, आगीपर्यंत पोचले होते. बाहेर लख्ख ऊन. आणि साडेपाचला, चक्क एक तास आधी, ठण्ण, ठण्ण, ठण्ण!

मग मागच्या बाकावरची एक म्हातारी उठली, "घंटा म्हणजे घंटा," म्हणाली आणि पंखा घेऊन चालू लागली. तिच्यामागे सगळं चर्च. बाबांपुढे बाक उरले आणि नरक.

एवढ्यावर भागलं असतं. पण घंटा झाली म्हणून पहाऱ्याची पोरं पट्टे बांधून रस्त्यावर उभी राहिली, आणि त्यांनी पहिलीच गाडी अडवली ती तुइमालूची. वाईमुलीहून सोयऱ्यांकडचं जेवण आटोपून येत होता, मागे आख्खं भाजलेलं डुक्कर. त्यानं वर आभाळाकडे बोट दाखवलं. पोरं म्हणाली, "नियम आपणच केलाय, साहेब." तिसरी घंटा होईपर्यंत उन्हात उभा केला त्याला, डुकरासकट.

मी गर्दीतून वाट काढत झाडाशी पोचून बॅटरीची वायर उपटली, तोवर तिसरीही वाजून गेली होती. मामा कुठेच नव्हता, रविवार म्हणून दुपारीच निघून गेला होता.

रात्री कारण सापडलं. पूर्वी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आपलं सरकार देशाचं घड्याळ तासभर पुढे करायचं. दोन वर्षांपूर्वी ते बंद केलं. हे सगळ्या सामोआला माहीत आहे, कोंबड्यांनासुद्धा. पण मी उतरवून घेतलेल्या जुन्या यादीतल्या आपियाला कुणी कळवलंच नव्हतं. मी स्वतः उठून यादीत खाली गेलो होतो आणि ते निवडलं होतं.

मामा आला, त्याला सगळं सांगितलं. तो मटकन खाली बसला. मनासारखं झालं तरी त्याला आनंद का नाही?

२५ सप्टेंबर, सोमवार

सभा झाली. झालं तसं लिहितो.

तुइमालूचं नाक उन्हानं सोललेलं. त्यानं विचारलं, "कुणाची चूक?"

मी उठायच्या आत मामा उठला. "माझी. यंत्र बरोबर होतं. मीच हातानं वाजवली. ऊन डोळ्यावर आलं, वेळ कळली नाही. म्हातारा झालो. दंड मला करा, यंत्राला हात लावू नका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या यंत्रानं त्याचं सगळं हिरावलं, त्याच्यासाठी, माझ्यासाठी, हा माणूस सभेपुढे खोटं बोलत होता. मी ओरडणार होतो की नाही, चूक माझी.

तुइमालूनं हात वर केला. "आपेलू, तुझे हात फार लांब आहेत. काल मी वाईमुलीहून निघालो तेव्हा तू त्या विधवा मेरिपाच्या खोपटात नारळ खवत बसला होतास. तिथून हातोडी मारलीस?"

सभा गडगडून हसली. कुणीतरी मागून ओरडलं, "खवलेला नारळ गोड होता का रे?" मामाचे कान लाल. आणि मी? खांबासारखा उभा. शर्ट. हजामत. भूक नाही. पोट. एकेक तार जोडली जात होती आणि शेवटी दिवा लागला. गावात सगळ्यांत उशिरा माझाच.

हसणं थांबल्यावर मामा हळू बोलायला लागला. "बरं, खरं सांगतो. तुम्ही सगळे माझ्या घंटेवर घरी जाता. बायकोशी भांडता, पोरांना कुशीत घेता, गरम जेवता. मी झाडाखाली. तिसरी वाजवून घरी जातो तोवर सगळं झाकून ठेवलेलं असतं. तक्रार नाही, काम आहे ते. पण मेरिपा म्हणते, ज्याची एकही संध्याकाळ त्याची नाही त्याच्याशी मी काय म्हणून लग्न करू? तिचं चूक आहे का? पोरानं यंत्र केलं तेव्हा मी देवाचे पाय धरले. आता तुम्ही म्हणाल तर परत जातो झाडाखाली. जाईन. पण रडत जाईन, आणि मोठ्यानं."

कुणी हसलं नाही. पाद्रीबाबासुद्धा चटईकडे बघत होते.

मी चूक सांगितली, दोन ओळी खोडल्या की दुरुस्त होते हेही सांगितलं. तुइमालूनं नाक चोळलं. मग म्हणाला, "यंत्राला अक्कल नाही, हे मला कळलं. भर उन्हात मला अडवणाऱ्या पोरांनाही नाही, हेही कळलं. यंत्र राहू दे. पण त्याच्याजवळ रोज एक माणूस बसला पाहिजे. आभाळाकडे बघेल, चुकलं तर थांबवेल. माणूस नसेल तर यंत्रही नको. कोण बसतंय?"

एवढी पुरुषमाणसं, पण कुणाला खोकला आला, कुणाला चटईचं विणकाम एकदम आवडलं. मामा उठायला लागला. गुडघ्यावर हात टेकून, सवयीनं.

"मी बसतो," मी म्हणालो.

"तू ऑकलंडला जाणार आहेस ना?" तुइमालू म्हणाला. इथे काहीही लपत नाही.

"नाही जात."

मामानं माझ्याकडे असं पाहिलं की मला कुठे बघावं कळेना. दंड झालाच. खोटं बोलला म्हणून मामाला खोकं, माझ्याकडून डुक्कर. आई म्हणाली, डुक्कर तिचं आहे, माझं नाही, पण देते.

२ ऑक्टोबर, सोमवार

दोन्ही ओळी खोडून, डबा बंद करून, आज पहिल्यांदा झाडाखाली बसलो. चुलतभावाला येत नाही म्हणून कळवलं, त्यानं शिव्या दिल्या. बुडाखाली नारळाची करवंटी टोचत होती. डास होते. समोरच्या घरात तव्यावर मासे पडल्याचा आवाज आला.

सहाची बस आली. मामा पुढच्याच बाकावर, खिडकीशी, कानामागे पांढरं फूल, मांडीवर केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी. मला वाटलं हात करेल. निदान इतकी वर्षं बडवलेल्या सिलिंडरकडे तरी एकदा बघेल. त्यानं मान वळवलीच नाही. तो सरळ समोर, रस्त्याकडे बघत होता, बस अजून जोरात का जात नाही अशा चेहऱ्यानं.

आधी राग आला. मग एवढा आनंद झाला की एकटाच हसत बसलो.

साडेसहाला हातोडी आपोआप उचलली गेली. मी वर बघितलं, अंधार पडत आला होता, बरोबर होतं. दारं लागली, दिवे लागले, सगळं गाव घरात गेलं. मी बसून राहिलो.